हिरवा उजेड

दार फार लवकर उघडलं. थर्मासातला चहा मी अजून ओतलाही नव्हता. झाकण फिरवून काढलं होतं, वाफ चष्म्यावर आली होती आणि त्या धुक्यातून ऑपरेशन थिएटरचं दार हलताना दिसलं. आधी वाटलं, दुसऱ्या कुणासाठी असेल. त्या लांब पॅसेजमध्ये आम्ही पुष्कळजण बसलो होतो, सगळ्यांच्या बुटांवर दवाखान्याच्या त्याच निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या, सगळ्यांच्या मांडीवर आत गेलेल्या माणसाचा कोट. माझ्या मांडीवर माझ्या बायकोचा, बागिलाचा. सकाळी येर्बोल डॉक्टर मला म्हणाले होते, "कालिखान-आगा, मी संध्याकाळपर्यंत बाहेर आलो नाही तर खुशाल डुलकी काढा. उशीर म्हणजे काम चाललंय. लवकर आलो तर मात्र..." आणि हसून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली होती. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नव्हतं. आता ते दारात उभे होते, टोपी काढलेली, केस कपाळाला चिकटलेले, आणि बसलेल्यांमध्ये कुणाला तरी शोधत होते. मी मान खाली घातली. शाळेत मास्तर प्रश्न विचारायला उठले की मी अशीच मान घालायचो, जणू आपण पाहिलं नाही तर आपणही दिसत नाही. शेजारची बाई, तिची बहीण आत होती, तिनं मला कोपरानं ढोसलं. "अहो, तुम्हालाच बोलावतायत. जा की."

"मेइराम कुठाय?" डॉक्टरांनी आमच्या मुलाबद्दल विचारलं.

"गाडी हलवायला गेलाय खाली. वॉचमन ओरडत होता."

"बरं. मग तुम्हीच या." त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती. मला ती ओळखीची आहे. जन्मभर लोकांनी मला असंच आत घेतलं आहे, दुसरं कुणी हाताशी नव्हतं म्हणून.

शेजारच्या खोलीत एक मोठा पडदा होता. खुर्चीवर कुणाचं तरी अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं, ते त्यांनी उचलून खिशात घातलं आणि मला बसवलं. मग त्यांनी एक चित्र लावलं. गुलाबी, ओलं, चकाकणारं काहीतरी. "हे साध्या दिव्याखाली," ते म्हणाले. "बघा, किती स्वच्छ दिसतंय. मी बोटांनीसुद्धा चाचपलं. काही लागलं नाही हाताला. आता काल संध्याकाळी आम्ही आपांना शिरेतून तो रंग दिला ना, तो वाईट पेशींमध्ये साठून राहतो. साध्या डोळ्यांना दिसत नाही, ह्या दिव्याखाली दिसतो." त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि त्या काळोखात हिरवे ठिपके उमटले. थोडे इथे, थोडे तिथे, कडेला तर चाळणीतून सांडल्यासारखे. ते लुकलुकत नव्हते. नुसते होते. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मनात आलं ते हे, की सुंदर आहे. आमच्या घरी जुना रेडिओ होता, त्याला एक हिरवा डोळा होता, स्टेशन नीट लागलं की तो डोळा मिटत यायचा. लहानपणी दिवा मालवून मी त्या डोळ्याकडे बघत पडायचो. दुसऱ्यांदा आठवलं ते माळरान, काळोख पडल्यावर टेकडीवरून दिसणारी लांबची घरं, आणि आई म्हणायची, बघ, तिथं कुणीतरी जागं आहे.

"हे सगळं बागिलाचं आहे?" मी विचारलं. हा काय प्रश्न झाला. पण डॉक्टर हसले नाहीत.

"सगळं. मग मी लेखणी लावली. पेनासारखी असते, टोक नुसतं टेकवायचं, ती चव घेते म्हणा ना. पूर्वी तुकडा काढून खाली लॅबमध्ये धाडायचो आणि हात बांधून वाट बघत उभे राहायचो. आता टेकवलं की लगेच उत्तर."

"काय म्हणाली?"

"जिथं टेकवली तिथं हो म्हणाली, आगा."

मग ते भराभर बोलले, आत पोट उघडं होतं, थांबायला वेळ नव्हता. मूळ गाठ काढण्यात आता अर्थ नाही. जठर कापून टाकलं तर उरलेला काळ त्यातून बरं होण्यातच जाईल. शिवून बंद करतो. औषधं देऊ. काही महिने, जास्तीत जास्त वर्ष, पण वर्षाची आशा धरू नका. दाराशी वळून त्यांनी विचारलं, "आपांना काय सांगायचं? अल्सर होता, काढला, असंच ठरलंय ना? मेइराम तसंच म्हणाला होता." मी मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, मला आजही कळत नाही. मला सांगायचं होतं की थांबा, असं ठरलेलं नाही, निदान बागिलाचं आणि माझं तरी नाही. पण ते गेले होते, आणि पडद्यावर ते हिरवे दिवे तसेच लागलेले होते.

आमच्यात त्या आजाराचं नाव घेत नाहीत. वाईट दुखणं म्हणतात. आणि ज्याला झालं त्याला तेवढंही म्हणत नाहीत. अख्खी गल्ली जाणते, चुलत-मावस सगळे फोनवर रडून घेतात आणि मग चेहरा धुऊन त्या माणसासमोर बसून म्हणतात, अल्सर आहे हो, तिखट बंद करा. मी अशा कितीतरी पलंगांशी बसलो आहे आणि तिखटाबद्दल बोललो आहे. पण माझ्यावर दुसरंही काम असायचं. कुणी गेलं, लांब, परगावी, खाणीत, रस्त्यावर, की घरच्यांना ते सरळ सांगायचं नसतं. एस्तिर्तू करायची असते, म्हणजे बातमी कानावर घालायची, पण वळणानं. म्हातारी माणसं जमून जातात, चहा घेतात, आणि त्यांच्यातला एक बोलायला लागतो. तलावावरच्या हंसाबद्दल, पंख तुटलेल्या गरुडाबद्दल, कळपातून मागं राहिलेल्या शिंगराबद्दल. ऐकणारा हळूहळू समजत जातो, आणि समजेपर्यंत चार हात त्याच्या पाठीशी आलेले असतात. मी शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासणारा माणूस. मला बोलता येत नाही. चारचौघांत माझी जीभ टाळूला चिकटते. पण लोकांचा समज असा की जो दिवसभर शब्दांत बसतो त्याच्याकडे शब्द असणारच. म्हणून मला न्यायचे. मी जायचो, नाही म्हणता येत नाही म्हणून. आणि हंसाबद्दल बोलता बोलता मी मधेच अडकायचो.

बागिलाच्या घरीही मी असाच अडकलो होतो. तिचा भाऊ कारागांदाच्या बाजूला खाणीत वारला. मी पंचविशीतला, ह्या कामाचा माझा पहिलाच प्रसंग. हे काम नेहमी करणारे आजोबा तापानं पडले होते म्हणून मला पुढे केलेलं. मी हंसापासून सुरू केलं. हंस उडाला, ढगांपर्यंत गेला, आणि पुढे त्याचं काय करायचं ते मी विसरलो. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. दाराशी एक मुलगी किटली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "गेला ना तो? मग सांगा की. हंसाला कशाला दमवताय?" कुणीतरी तिला दटावलं. तिची आई जमिनीवर कोसळली, बायका आक्रोश करायला लागल्या, आणि त्या गोंधळात त्या मुलीनं माझ्या पुढ्यातला गार झालेला चहा ओतून दिला आणि गरम भरला. एक थेंब सांडला नाही. पुढं लग्न झाल्यावर ती म्हणायची, "तुझा हंस अजून वरच आहे हं म्हाताऱ्या. उतरव त्याला कधीतरी." तेव्हा मी म्हाताराही नव्हतो.

काल संध्याकाळी तिला तो रंग चढवत होते. नळीतून थेंब पडत होते आणि ती डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होती. "हा रंग कशाला? अल्सरला रंगवून काढतात का?" मी म्हणालो, आत नीट दिसावं म्हणून. "अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे त्यांना दिसणार. मेइरामला दिसणार, सुनेला दिसणार, खालच्या वॉचमनलाही कळणार. राहिले मी." मी तिच्या उशीचा अभ्रा नीट करायला लागलो. तिनं माझं मनगट धरलं. "ऐक. मी मूर्ख नाही. वर्षभर मी जेवलेलं टिकत नाहीये. उद्या शुद्धीवर आले की तू सांगायचंस. मेइराम नाही, त्याला त्याच्या बापासारखं खोटंही धड बोलता येत नाही आणि खरंही. तू. आणि माझ्यापाशी हंस आणू नकोस. गरुड नको, शिंगरू नको. तुझी सगळी पाखरं मला पाठ आहेत, तू तोंड उघडायच्या आत मला कळेल आणि मग तू संपवेपर्यंत मला ऐकत पडावं लागेल. एका वाक्यात सांग. शपथ?" मी शपथ म्हणालो. तिनं अंगठी काढून माझ्या हातात दिली, आत दागिने नेऊ देत नाहीत म्हणून. बोटावर पांढरा वळ राहिला होता. मी अंगठी रुमालात बांधून आतल्या खिशात ठेवली.

मी पॅसेजमध्ये परत आलो तेव्हा चहा निवला होता. खिडकीबाहेर आल्माटीवर धुराचं ते हिवाळी झाकण बसलेलं, डोंगर असून नसल्यासारखे. मी एका वाक्याचा विचार करू लागलो. ह्या बाबतीत तरी मी काही कामाचा असायला हवा होतो. शब्द मला माहीत आहेत. पसरणं. पाहुण्यांपुढे दस्तरखान पसरतात. उन्हात गालिचा पसरतात. वसंतात मेंढ्या डोंगरउतारावर पसरतात. मी जे जे वापर तपासले होते ते सगळे चांगले होते, सगळ्यांत घर होतं, ऊन होतं. 'पसरलंय' असं म्हटलं तर हे सगळं तिच्या अंगावर जाऊन पडेल. 'बंद केलं' म्हणावं? दुकान बंद करतात. 'काही करता येत नाही'? मी एकेक वाक्य उचलत होतो आणि खाली ठेवत होतो, आणि मधेच लक्षात आलं की मी बागिलाचा विचारच करत नाहीये, मी वाक्याचा विचार करतोय. हे माझं नेहमीचंच. तिच्या प्रत्येक दुखण्यात मी काही ना काही वाचत बसलो होतो. मग दुसरा एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. हेच ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालं असतं तर? तो दिवा नसता, ती लेखणी नसती. येर्बोलसारख्याच कुठल्यातरी चांगल्या डॉक्टरनं स्वच्छ, गुलाबी, चकाकणारं पोट पाहिलं असतं, बोटांनी चाचपलं असतं, गाठ काढली असती आणि बाहेर येऊन म्हटलं असतं, अभिनंदन, सगळं निघालं. आम्ही त्याला मिठी मारली असती. मेंढी कापली असती. बागिलानं एक अख्खा उन्हाळा दाचावर, गावाबाहेरच्या आमच्या बागेतल्या घरी, टोमॅटो लावले असते, ती शेजारणींशी भांडली असती, आणि ते हिरवे दिवे आत काळोखात कुणालाही न दिसता जळत राहिले असते. मरण तेच. पण तो उन्हाळा आमचा असता. यंत्रानं तिचा एक दिवसही वाढवला नव्हता. त्यानं फक्त आमचं न कळणं काढून घेतलं होतं. आणि हा विचार कृतघ्नपणाचा आहे हेही मला कळत होतं, कारण त्याच यंत्रानं तिला एका निरर्थक कापाकापीतून वाचवलं होतं. तरी मला त्या दिव्याचा राग येत होता. दिव्यावर रागावणारा म्हातारा.

मेइराम जिन्यानं धापा टाकत वर आला. माझ्याकडे पाहूनच त्याला कळलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला, ट्रक चालवणारा एवढा मोठा माणूस, आणि बुटावरच्या निळ्या पिशवीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आके, एक सांगतो. तुम्ही आत काही बोलू नका."

"ती विचारेल."

"मी सांगेन. अल्सर. तुमचा चेहरा तर सगळं सांगतोच, निदान तोंड तरी बंद ठेवा."

"मी शपथ घेतलीय, बाळा."

"शपथ!" तो हसला. ते हसणं रडण्याच्या फार जवळ होतं. "तुम्हाला दुकानात उरलेले सुटे पैसे मागवत नाहीत, आके. तुम्ही आईला हे सांगणार? आणि सांगून काय देणार तिला? तिचे राहिलेले महिने भीतीत घालवायला लावणार?" त्याचं बरोबर असेल. माझ्याशी वाद घालणाऱ्याचं नेहमीच बरोबर असतं, निदान तो बोलत असेपर्यंत. पण तो पुढे म्हणाला, "जा तुम्ही आधी. मला जरा... मी तोंड धुऊन येतो," आणि वळला, आणि मला कळलं की त्यालाही आत जायचं नाहीये.

ती जागी होत होती. ओठ सुकलेले, केस पांढऱ्या टोपीत कोंबलेले, त्यामुळे तिच्या आईसारखी दिसत होती. डोक्याशी एका यंत्रावर हिरवी रेघ धावत होती. मी त्या रेघेकडे पाठ करून बसलो. "झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"सांग."

मी तिचा हात धरला. सगळी तपासलेली वाक्यं गेली. "पसरलंय, बागिला. काढता नाही आलं. बंद केलं." माझाच आवाज मला अनोळखी वाटला. ती छताकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, खांबावरून तंबूचं कापड उतरवतात तसं, आणि डोळ्याच्या कडेनं पाणी कानात गेलं. मग ती म्हणाली, "नीट सांगितलंस. शिकलास शेवटी." तिनं माझा हात दाबला. एवढ्या वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणाची तितकीच लाज. तिनं डोळे मिटले. मी बसून राहिलो. मनात म्हणत होतो, झालं, निभावलं, आयुष्यात एक गोष्ट तरी धड केली.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि ओळखीचं हसली. "म्हाताऱ्या, अजून इथंच? मला आत कधी नेणार?"

मला आधी समजलंच नाही. नर्स सलाइन बदलत होती, ती हळूच म्हणाली, "भुलीचं असतं हो आगा. बोलतात, आणि पुसलं जातं. मघाचं काही राहिलं नसेल त्यांना."

"नेलं होतं," मी म्हणालो. "झालं ऑपरेशन."

"झालं? मग सांग की. एका वाक्यात. शपथ आहे तुला."

मी पुन्हा सांगितलं. तेच शब्द. आणि तिचा चेहरा पुन्हा तसाच उतरत गेला, पहिल्यापासून, जणू मघाशी काही झालंच नव्हतं. पाणी त्याच वाटेनं कानात गेलं. ह्या वेळी ती मला शाबास म्हणाली नाही. "मला थंडी वाजतेय," एवढंच म्हणाली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मी तिच्यावर तिचा कोट घातला. मला वाटलं, एस्तिर्तूला चार माणसं जायची ती ह्यासाठी. मी एकटा होतो आणि मी एकाच माणसाला दोनदा मारून बसलो होतो. ती पुन्हा झोपली. मी प्रार्थना करत होतो की तिनं उठू नये, आणि आपण कशाची प्रार्थना करतोय हे लक्षात आल्यावर थांबलो. दारातून मेइरामनं डोकावलं, मला बघितलं आणि मागे गेला.

ती उठली तेव्हा खिडकीत संध्याकाळ होती. ह्या वेळी तिचे डोळे वेगळे होते, स्वच्छ, आत कुणीतरी असलेले. तिनं पाणी मागितलं, मी ओल्या कापसानं ओठ पुसले. तिनं मला नीट न्याहाळलं. "काय रे हा अवतार? शर्टाची बटणं वरखाली. सकाळपासून खाल्लं नाहीस ना?"

"खाल्लं."

"खोटं. बरं ते राहू दे." तिनं श्वास घेतला. तिची बोटं चादरीवर घट्ट झाली, आणि मला दिसलं की ती घाबरलेली आहे. किटली हातात धरून दाराशी उभी राहिलेली ती मुलगी, जिचा थेंब सांडला नव्हता, ती घाबरलेली होती. "सांग," ती म्हणाली. "पाखरू नको."

मी तोंड उघडलं. शब्द होते. दोनदा वापरून झालेले, जिभेला माहीत असलेले. मला तिचा चेहरा दिसत होता आणि त्याच्या आत तोच चेहरा उतरत जाताना दिसत होता. "अल्सर होता," मी म्हणालो. "काढला. सगळं स्वच्छ निघालं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता म्हणेल, चेहरा बघ स्वतःचा. पण ती दुसऱ्या कुणाला म्हणाली असती ते. मला नाही, मी शपथ घेतली होती. तिच्या बोटांची पकड सुटली. "खरंच?" ती लहान आवाजात म्हणाली. "सगळं?"

"त्यांच्याकडे एक दिवा आहे. त्याच्याखाली सगळं दिसतं. काही नव्हतं. काळं, नुसतं काळं."

तिला रडू आलं आणि रडता रडता हसूही, टाके दुखले म्हणून ती कळवळली आणि तरी हसत राहिली. "आणि हे असं सांगतोस? मयताला आल्यासारखं? वेड्या, अशी बातमी आणली की दारातूनच सुयिन्शी म्हणून ओरडायचं असतं. बक्षीस मागायचं असतं. शेंबड्या पोरांनाही कळतं. एवढी पुस्तकं वाचलीस, आयुष्यभर वाईटच बातम्या वाहिल्यास, म्हणून चांगली कशी सांगतात तेही माहीत नाही तुला." तिनं डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं चाचपली, त्या पांढऱ्या वळावर थांबली, आणि तिथं नसलेलं काहीतरी जोर लावून ओढून काढलं. "घे. दुसरं काय आहे माझ्याकडे? घे म्हणते ना." तिनं माझा तळहात उलगडला, त्यात ते ठेवलं आणि एकेक करून माझी बोटं मिटली.

नर्स तापमान बघायला आली होती. "अरे वा, आता पुऱ्या शुद्धीवर आल्या हं," ती मला म्हणाली. "आता बोला मनसोक्त. आता बोललेलं राहील लक्षात."

"ऐकलंस?" बागिला म्हणाली. "घट्ट धर. पाडशील."

मी धरली. अंगठी आतल्या खिशात, रुमालात, छातीला टोचत होती. मी मूठ घट्ट आवळून बसून राहिलो.